काळाचौकीच्या संग्रहालयात एक पडदा हवा

प्रति,
माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका.



काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे जे काम महानगरपालिकेने आपल्या शिरावर घेतले आहे, त्यासंबंधी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ही विनंती अर्जाच्या रूपाने आपल्या कचेरीच्या आवक-बारनिशीत नोंदवता आली असती. परंतु लाखो माणसांच्या श्रमांच्या वारशाशी जिचा संबंध आहे अशी गोष्ट चार लोकांसमक्ष बोलली जावी, आणि त्या लोकांत परळ-लालबागच्या चाळींत वाढलेली व आज कल्याण-डोंबिवली-विरारपर्यंत पांगलेली माणसेही असावीत, या हेतूने तिला खुल्या पत्राचे रूप दिले आहे. विनंती थोडक्यात अशी की, या संग्रहालयात एक लहानसे प्रेक्षागृह असावे, आणि अंजली मोन्तेरो व के. पी. जयशंकर यांनी २००१ साली केलेला ‘साचा’ हा ४९ मिनिटांचा चित्रपट तेथे दररोज, विनामूल्य दाखवला जावा.

देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत दीर्घकाळ अध्यापन केलेल्या या दोघांनी मुंबईवर चित्रपट करावयाचे मनात आणले, तेव्हा त्यांच्यापुढे शहरचित्रणाची एक प्रशस्त व प्रतिष्ठित वाट तयार होती. १९२७ साली वाल्टर रुटमानने बर्लिनच्या पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या एका दिवसाची सुरावट बांधली, १९३० साली झाँ व्हिगोने नीसच्या किनाऱ्यावरील विलासाचा आणि मागल्या गल्ल्यांतील दैन्याचा जोडपट मांडला, आणि १९३१ साली तरुण मानुएल द ओलिव्हेराने पोर्तो शहरातील डोरू नदीच्या धक्क्यावरचे हमाल, होड्या व ओझी टिपली. तेव्हापासून शहराचे चित्र म्हणजे गती, यंत्रे, गर्दी आणि प्रकाश यांचे संगीत, असा एक संकेतच रूढ झाला. मुंबईच्या वाट्याला तर त्याहून सोपा संकेत आला: राणीच्या रत्नहारासारखे दिवे, राजाबाई मनोरा, लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसे, गणपतीच्या मिरवणुकीतला गुलाल, की झाली मुंबई. या दोघांनी ही वाट घेतली नाही. त्यांनी शहराकडे थेट न पाहता, ज्यांनी आयुष्यभर या शहराकडे पाहिले त्या दोन माणसांकडे पाहिले. त्यांतले एक कवी नारायण सुर्वे, दुसरे चित्रकार सुधीर पटवर्धन. एकाची कविता, दुसऱ्याची चित्रे, दोघांचे आपल्या कामाविषयीचे बोलणे आणि या सर्वांतून विणली जाणारी गिरण्यांच्या शहराची स्मृती, असे या चित्रपटाचे वस्त्र आहे. आधीच काढलेल्या चित्रांतून काढलेले असे हे शहराचे चित्र आहे. म्हणूनच शहर कसे दिसते या प्रश्नाबरोबर, ते पाहण्याचा अधिकार कोणाचा आणि पाहणाऱ्याची जबाबदारी कोणती, हे प्रश्नही त्यात आपोआप उभे राहतात. माझ्या मते मुंबईवरच्या इतर कोणत्याही चित्रपटाने हे दोन प्रश्न इतक्या सरळपणे विचारलेले नाहीत.

नारायण सुर्वे यांच्याविषयी महाराष्ट्राला नव्याने सांगण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, तरी आपल्या पदाच्या संदर्भात एका गोष्टीचे स्मरण द्यावेसे वाटते. जन्मतःच टाकून दिलेल्या या अर्भकाला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले, त्याच्या पत्नीने आपले मूल म्हणून वाढवले. ते दांपत्य गावी परतल्यावर एकट्या पडलेल्या मुलाने मिळेल ते काम करीत, गिरणीत राबत, पुढे महानगरपालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी धरली, आणि त्याच नोकरीच्या आधाराने शिकून तो महानगरपालिकेच्याच शाळेत शिक्षक झाला. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ सालचा आणि ‘माझे विद्यापीठ’ १९६६ सालचा. म्हणजे मराठी कवितेचा मोहरा ज्या पुस्तकांनी बदलला, ती लिहिणारा माणूस त्या काळात आपल्या महानगरपालिकेच्या वेतनपटावर होता. एवढा मोठा कवी आपल्या सेवापुस्तकात नोंदलेला असणे हे भाग्य फार थोड्या नगरपालिकांच्या वाट्याला आले असेल. याच कवीवर अरुण खोपकरांनीही चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रीय पारितोषिकाचा मान मिळाला. तोही या प्रेक्षागृहात असावा असे मला वाटते, परंतु ‘साचा’ची गोष्ट निराळी अशासाठी की तेथे कवी एकटा नाही. त्याच्या समोर एक असा माणूस आहे, की जो त्याच कामगाराकडे दुसऱ्या बाजूने आला.

सुधीर पटवर्धन हे पुण्यात वाढलेले, तेथल्याच सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, आणि १९७५ पासून सुमारे तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केलेले गृहस्थ. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी कोणत्याही कलाशाळेत घेतले नाही. डाव्या विचारांच्या ओढीने ते कामगाराच्या शरीराकडे वळले: इराण्याच्या हॉटेलात टेबलाशी बसलेला माणूस, पुलावरून जाणारा माणूस, पाळीहून थकून आलेला माणूस, आणि त्या माणसांभोवती दाटत गेलेले ठाणे, पोखरण, उल्हासनगर, लोअर परळ. आपण ज्यांचे चित्र काढतो त्यांना त्यात आपली स्वतःची प्रतिमा ओळखू यावी, ही त्यांची आकांक्षा त्यांनी अनेकदा बोलून दाखवली आहे. ही आकांक्षा उच्चारणे सोपे आहे, पण तिचा पाठपुरावा करणाऱ्या कलावंताला जन्मभर एक टोचणी सोसावी लागते. कारण चित्र दालनात टांगले जाते, दालन काळ्या घोड्याजवळ असते, आणि ज्याचे चित्र असते तो मात्र त्या वेळी चिंचपोकळीच्या फलाटावर उभा असतो. पुढे याच चित्रकाराने समकालीन भारतीय चित्रकलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांत नेले, ते याच टोचणीचे फळ असावे असा माझा समज आहे.

सुर्व्यांच्या कवितेला ही अडचण नव्हती. ती कामगारांच्या सभेत, कामगारांच्या तोंडावर वाचली गेली, आणि तिचे ऐकणारे हेच तिचे विषय होते. एक आतून बोलणारा, दुसरा बाहेरून येऊन शेजारी बसण्याची धडपड करणारा. आणि या दोघांना एकत्र आणणाऱ्या चित्रपटाचा काळ असा, की दोघांचाही नायक रंगमंचावरून ढकलून दिला जात होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतला गेल्याची तारीख इतिहासात नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींचे काही भाग सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी व घरांसाठी राखले, चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ साली त्या जमिनींचा एकत्रित आराखडा सुचवला. २००१ च्या दुरुस्तीने वाटपाचा तो हिशेबच असा बदलला की बांधलेल्या इमारतींखालची जमीन वाटपातून वगळली गेली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. म्हणजे ज्या वर्षी ‘साचा’ पूर्ण झाला, त्याच वर्षी सुमारे सहाशे एकरांच्या गिरणजमिनीचे भवितव्य कागदावर फिरले. आणि पटवर्धनांनी ‘लोअर परळ’ हे चित्र रंगवले तेही त्याच वर्षी. कामगारवर्गाला आपला विषय मानणाऱ्या कवीने आणि चित्रकाराने, तो वर्गच विखुरल्यावर, कशाविषयी बोलावे? या चित्रपटात डाव्या चळवळीच्या पराभवाचा विचार आहे, कलेच्या उपयुक्ततेविषयीची शंका आहे. परंतु हळहळीचा सूर त्यात वरचढ होत नाही, आणि गिरणगावावर बोलताना हा संयम किती दुर्मिळ आहे हे ज्यांनी त्या विषयावरची भाषणे ऐकली आहेत त्यांना सांगावयास नको.

संग्रहालयाच्या दृष्टीने या चित्रपटाचे महत्त्व कोणते, ते आता सांगतो. वस्त्रोद्योगाचे संग्रहालय म्हटले की यंत्रे येणार, आणि ती यायलाच हवीत: कापूस पिंजणारी, सूत काढणारी, गुंडाळणारी, आणि अखेरीस कापड विणणारा साचा. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापलेल्या आणि १८५६ साली ताडदेवला सुरू झालेल्या पहिल्या गिरणीपासूनचा इतिहास फलकांवर मांडला जाईल, जुनी छायाचित्रे येतील. परंतु नीट पुसून, तेल देऊन, काचेमागे उभा केलेला साचा आपल्याविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगणार नाही. धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, एकाच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागे, आणि म्हणून चांगल्या मजुरीच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला शिरू दिले जात नसे. १९२० नंतरच्या दशकातील मोठ्या संपांच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. बदलीवाला पहाटे फाटकाशी उभा राहून, कामावर घेणाऱ्या जॉबरच्या नजरेची वाट पाहत असे. खोलीतले अंथरूण पाळीनुसार एकाकडून दुसऱ्याकडे जात असे. आणि त्या बिऱ्हाडांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांचा हिशेब कोणत्याही गिरणीच्या हजेरीपटात नव्हता. ही माणसे यंत्राबरोबर संग्रहालयात येत नाहीत. त्यांना आणावयाचे तर ज्यांनी त्यांचा चेहरा, त्यांची बोली आणि त्यांचा संताप शब्दांत व रंगांत साठवून ठेवला, त्या कलावंतांना संग्रहालयात मानाने बोलवावे लागते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुखातून मिळवलेल्या ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या ग्रंथाने हे काम लेखणीने केले आहे. पडद्यावर ते ‘साचा’ करील.

चित्रपट आणि कारखाना यांचे नाते या शहरात आजकालचे नाही. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात एक रुपया दराने ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा जो पहिला खेळ झाला, त्यातल्या सहा लघुपटांत एक समुद्रस्नानाचा होता, एक भिंत पाडण्याचा होता, आणि एक कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचा होता. समुद्र, पाडकाम आणि सुटलेली पाळी: पुढल्या शंभर वर्षांच्या मुंबईतल्या तीन मोठ्या गोष्टी त्या संध्याकाळी पडद्यावर येऊन गेल्या. मात्र ते कामगार फ्रान्समधल्या लिआँ शहराचे होते. त्या वेळी परळ-भायखळ्याच्या फाटकांतून हजारोंच्या संख्येने बाहेर पडणाऱ्या आपल्या माणसांसमोर कोणी कॅमेरा रोवला असता तर केवढा ठेवा आज हाती असता, या विचाराने आजही मन कष्टी होते. ज्या शहराने भारतीय चित्रपटाला जन्म दिला, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या उद्योगाचे चित्र फार उशिरा आणि फार तुटपुंजे काढले. आनंद पटवर्धनांचा १९८५ सालचा ‘हमारा शहर’, मधुश्री दत्तांचा २००६ सालचा मुंबईपट आणि ‘साचा’ अशी थोडीच नावे या संदर्भात घेता येतात. जे आहे ते हातचे जाऊ नये एवढी तरी दक्षता आता घेतली पाहिजे.

या ठिकाणी दुसऱ्या एका बंदराचा दाखला द्यावासा वाटतो, आणि तो परका वाटू नये, कारण त्या बंदराशी आपली नाळ कापसाने जोडलेली आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तेथला कापूस येईनासा झाला, तेव्हा मुंबईच्या धक्क्यावरून निघालेल्या गासड्या लिव्हरपूल बंदरात उतरून लँकेशायरच्या गिरण्यांत जाऊ लागल्या, आणि त्या पैशाच्या पुराने मुंबई प्रथम वर उचलली व १८६५ साली आपटलीही. आपल्या संग्रहालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या कॉटन ग्रीन स्थानकाचे नावही त्या व्यापाराचीच खूण होय. ते लिव्हरपूल पुढे आपल्यासारखेच ओसरले. गोद्या रिकाम्या पडल्या, बंदराच्या कडेने धावणारी उंचावरची आगगाडी १९५७ साली मोडीत काढली गेली. २००८ साली ते शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरले, तेव्हा त्या उत्सवाच्या निमित्ताने सार्वजनिक पैशातून एक चित्रपट करविला गेला आणि तो तेथल्याच एका कष्टकरी कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या टेरेन्स डेव्हिस या दिग्दर्शकाच्या हाती सोपवला गेला. डेव्हिसने जुन्या साठवणीतली दृश्ये घेतली, त्यांवर स्वतःचा आवाज आणि आवडीचे संगीत ठेवले, आणि उत्सवाला शोभेल अशी स्तुती न करता शहराचे दारिद्र्य, राजघराण्याच्या सोहळ्यांशेजारची पडकी घरे, धर्माने मनावर केलेले वळ आणि जुन्या वस्त्या पाडून उभारलेल्या निर्जीव गगनचुंबी इमारती यांच्याविषयी जे वाटले ते निर्भीडपणे सांगितले. तो चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. त्याने शहराची अप्रतिष्ठा झाली असे मला तरी दिसत नाही. उलट जो आपल्यावर प्रेम करतो त्याचे कठोर बोलणे ऐकून घेण्याइतके ते शहर मोठे आहे, असेच जगाला दिसले.

हा दाखला देण्याचे कारण असे की आपल्या कचेरीत ‘साचा’विषयी पहिली शंका बहुधा हीच येईल: या चित्रपटात पराभवाची कथा आहे, राजकारण आहे, शासनाच्या धोरणांवर टीका आहे, सार्वजनिक संग्रहालयात तो रोज दाखवावा काय? माझे उत्तर असे की ज्या इमारतीचा एकेक दगड त्या पराभवाचा साक्षी आहे, तिच्यात तो विषय वर्ज्य करणे अशक्य आहे. गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीसाठी लाखाहून अधिक कामगारांनी व त्यांच्या वारसांनी अर्ज केले आहेत. त्यांतले अनेक वृद्ध झाले, अनेक निवर्तले. त्यांची नातवंडे संग्रहालयात येतील तेव्हा त्यांना कारंजी आणि रंगीत दिवे दाखवून परत पाठवणे हे त्यांच्या आज्यांशी न्यायाचे होणार नाही.

व्यवहाराचे बोलायचे तर ही मागणी खर्चाची नाही. शंभर-सव्वाशे आसनांचे प्रेक्षागृह जुन्याच एखाद्या खात्याच्या शेडमध्ये, छताची मूळ करवतीदार ठेवण न मोडता, बसवता येईल. चित्रपटाचे हक्क निर्मात्यांकडून रीतसर करार करून व योग्य मोबदला देऊन घ्यावेत. सार्वजनिक संस्थेने कलावंताकडून काम फुकट मागण्याची जी सवय आपल्याकडे पडली आहे ती येथे तरी नसावी. कामगारांच्या मुलाबाळांत मराठीबरोबर तेलुगू व हिंदी बोलणारेही आहेत, त्यांच्यासाठी उपशीर्षके असावीत. चित्रफितीची एक उत्तम प्रत महानगरपालिकेच्या दप्तरात आणि दुसरी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सुरक्षित ठेवण्याची तजवीज व्हावी. प्रेक्षागृहाच्या भिंतीवर सुधीर पटवर्धनांच्या चित्रांच्या चांगल्या छापील प्रतिकृती त्यांच्या संमतीने लावाव्यात. आणि परळ, लालबाग, शिवडी, वरळी येथील महानगरपालिकेच्या शाळांतील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा तेथे आणावे, कारण त्यांच्याच शाळेसारख्या एका शाळेत घंटा वाजवणारा माणूस पुढे त्यांच्या पाठ्यपुस्तकातला कवी झाला, हे त्यांनी पडद्यावर स्वतः त्याच्या तोंडून ऐकले तर त्याचा परिणाम कोणत्याही भाषणाहून मोठा होईल.

संग्रहालयाचे काम अनेक वर्षे रेंगाळलेले आहे आणि त्याची कारणे एका आयुक्ताच्या हातातली नाहीत, हे मी जाणतो. म्हणून एक पर्यायही सुचवतो. इमारत पूर्ण होईपर्यंत थांबू नये. दरवर्षी १८ जानेवारीला, संपाच्या स्मृतिदिनी, लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात, जेथे गिरणी कामगारांच्या पिढ्यांनी मराठी चित्रपट पाहिले, महानगरपालिकेच्या वतीने ‘साचा’चा एक खेळ ठेवावा, त्याची जाहिरात चाळींच्या फलकांवर आणि कामगार संघटनांच्या कार्यालयांत लावावी, आणि खेळ संपल्यावर उपस्थित कामगारांना बोलू द्यावे. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले तर संग्रहालयाच्या पुढल्या दालनाचा ऐवज त्यातूनच जमा होईल. संपाच्या वेळी विशीत असलेले कामगार आज साठीच्या पुढे गेले आहेत. हे काम आणखी दहा वर्षांनी काढले तर बोलणारे फार थोडे उरतील.

तरी येत्या अर्थसंकल्पात या प्रेक्षागृहासाठी स्वतंत्र तरतूद करावी, आणि येत्या १८ जानेवारीच्या खेळाचा हुकूम त्यापूर्वीच काढावा, ही आग्रहाची विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मुंबईचा एक नागरिक